राळेचा गोंद

म्हाताऱ्या सायकल-प्रशिक्षक किंद्रात युखिमोविचच्या तळघरात बटाटे खाली आणि टायर वर, ही चाळीस वर्षांची वहिवाट होती. छताला ठोकलेल्या खुंट्यांवर शर्यतीचे टायर टांगलेले असत, एकेक तीन-तीन वर्षं मुरत. न मुरलेला टायर पहिल्याच खड्ड्यात फाटतो, असं त्याचं म्हणणं. खाली फळीवर पारास्काच्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, आणि त्यातलीच एक बरणी बायकोची नजर चुकवून पळवलेली. तिच्यात त्याने स्वतः शिजवलेला गोंद असे. पाइनची राळ, थोडं मेण, आणि आणखी दोन वस्तू, ज्या तो पारास्कालाही सांगत नसे. पारास्काला त्या जाणून घ्यायची काडीचीही हौस नव्हती. तिला फक्त तिची बरणी परत हवी होती.

शर्यतीच्या सायकलचा हा टायर साध्या टायरसारखा रिमच्या कडेत अडकून बसत नाही. ट्यूब पोटात घालून तो शिवून टाकलेला असतो, आणि रिमवर नुसता चिकटवायचा. गोंदाने धरलं तर माणूस घाट उतरून घरी येतो. नाही धरलं तर काय, हे किंद्रात कधी बोलून दाखवत नसे. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी टायर अंगठ्याने बाजूला रेटायला लावायचा. "हलला?" "नाही." "मग तुझी हाडं शाबूत. चल, नीघ." एवढाच त्याचा पहिला धडा.

त्या गुरुवारी लुक्यान हावरिल्यूक चाकांच्या दोन जोड्या घेऊन तळघरात उतरला. काळी, हलकी, कार्बनची चाकं. त्याची इटलीतली टीम गेल्या शरदात बंद पडली तेव्हा निरोपाच्या वेळी त्याला मिळालेली. दोन्ही जोड्यांना किंद्रातच्याच हातचे टायर लावायचे, एक सायकलवर आणि एक राखीव.

लुक्यान त्याच्याकडे आला तेव्हा बारा वर्षांचा होता, आता पस्तिशीचा. मधली तेरा वर्षं व्यावसायिक सायकलपटू म्हणून त्याने युरोपभर घासली, आणि घासली हाच शब्द खरा. म्होरक्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, आणि त्याचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून त्याला द्यायचं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला हात चोळत उभं राहायचं. किंद्रातने टीव्हीवर हे नऊ वेळा पाहिलं होतं. नवव्या वेळेला त्याने टीव्हीला शिव्या घातल्या होत्या. "अरे गाढवा, ते चाक तुझं आहे, त्याचं नाही!" स्वतःच्या नावावर लुक्यानची एकही शर्यत नव्हती.

आता एका पोलिश टीमचा मालक म्हणाला होता, राष्ट्रीय विजेत्याची निळी-पिवळी जर्सी घालून ये, दोन वर्षं ठेवतो. जर्सी नाही तर जागा नाही. म्हणजे रविवारी जिंकला तर सायकल, हरला तर पुतिला गावात मेव्हण्याचा लाकडं वाहणारा ट्रक चालवायचा. आणि किंद्रातचं म्हणाल, तर अठ्ठेचाळीस वर्षं पोरं घडवून त्याच्या हातून एकही राष्ट्रीय विजेता निघाला नव्हता. यंदा शर्यत त्याच्याच दारात होती. निम्चिचचा घाट, आठ फेऱ्या, आणि शेवट खाली विझ्नित्सा गावात, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पुन्हा असा योग यायला तो जगणार नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"अहो किंद्रात युखिमोविच, अजून लोणचंच घालताय का?"

जिन्यावर ओरेस्त उभा होता. हाही त्याचाच चेला, चोवीस वर्षांचा. अठराव्या वर्षी बेल्जियमला गेला, आणि आता त्याची सायकल टीमचा मेकॅनिक तयार करून पाठवायचा. पारास्कासाठी त्याने केक आणला होता, म्हणजे मनाने वाईट नव्हता. तोंडाने होता.

"तुझा बाप ह्याच लोणच्यावर पळाला," किंद्रात ब्रश न थांबवता म्हणाला.

"बापाची चाकं अल्युमिनियमची होती. हे कार्बन आहे. ब्रेक लावला की तापतं आणि तापतच राहतं, उष्णता बाहेर जात नाही. आमचा मेकॅनिक राळेला शिवतसुद्धा नाही. उतारावर ह्या रिमवर अंडं तळता येईल, शप्पथ!"

"तू अंडी तळत बस. लुक्यान शर्यत जिंकेल."

"लुक्यान, दादा, तू तरी सांग ह्यांना."

लुक्यान बटाट्यांच्या पोत्यावर बसून केक खात होता. "गप रे. चौदाव्या वर्षापासून ह्या शर्यतीची माझी चाकं ह्यांच्याच हातची. उद्या आईने वाढलेलं बोर्श कुठल्या प्रयोगशाळेत तपासून आणू का?"

ओरेस्त हसत वर गेला. किंद्रातने बरणीच्या काठावर ब्रश निथळला. कार्बनवर त्याने आजवर दोनदाच राळ लावली होती, तीही सपाट रस्त्यांच्या शर्यतींना. कुणाला तरी विचारावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण विचारायचं कुणाला? ओरेस्तच्या मेकॅनिकला? त्यापेक्षा त्याने स्वतःची जीभ चावली असती. त्याने चारही चाकांना एक थर जास्त दिला, आणि बरणीचं झाकण लावलं.

रविवारी सकाळी निघण्याआधी सगळे रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात स्टुलांवर मिनिटभर गप्प बसले. प्रवासाला निघताना बसायचंच असतं. मग पारास्का "देवा, सांभाळ" म्हणाली आणि सगळे उठले. फाटकापर्यंत गेल्यावर लुक्यानला चष्मा आठवला आणि तो धावत परत घरात शिरला.

"आरशात बघ रे!" पारास्का ओरडली. "परत आलास, तर आरशात बघितल्याशिवाय बाहेर पडू नकोस!"

"बघितलं, मावशी!"

बघितलं नव्हतं. दारातल्या आरशावर पारास्काने सकाळीच ओला टॉवेल वाळत टाकला होता, आणि चष्मा घेऊन पळणाऱ्या लुक्यानने त्याला हातही लावला नाही. किंद्रातने ते खिडकीतून पाहिलं. बायकांचे खुळचट समज, असं तो एरवी म्हणायचा. त्या दिवशी मात्र लुक्यानला आरशाकडे परत पाठवावं असं त्याला वाटलं. पण उशीर होत होता.

घाटमाथ्यावर त्याची जागा ठरलेली. कठड्याजवळ बाटल्यांची पिशवी, शेजारी राखीव चाकांच्या दोन जोड्या. एक कार्बनची, त्याच दिवशी त्याच बरणीतून चिकटवलेली. दुसरी जुनी, अल्युमिनियमची, जड पण भरवशाची. लुक्यानशी खूण ठरलेली होती, तेवीस वर्षांपूर्वीच. किंद्रातने चाक डोक्यावर धरलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही.

ऊन मरणाचं होतं. जूनमध्ये एवढं ऊन डोंगरात कुणाला आठवत नव्हतं. रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं आणि कठड्यावर बसलेले लोक बियर कपाळाला लावून बसले होते. पहिल्या तीन फेऱ्या सुरळीत गेल्या. चढावर घोळका विरळ होत होता आणि लुक्यान दर फेरीला पुढच्या पाचांत होता. किंद्रातच्या छातीत पंचवीस वर्षांचं पोर नाचत होतं.

चौथ्या फेरीआधी त्याला दिसलं की कार्बनची राखीव चाकं उन्हात आलीत. सावलीत ठेवावीत म्हणून त्याने एक उचललं. रिम हाताला चटका देण्याइतकी तापली होती. सवयीने त्याचा अंगठा टायरवर गेला आणि त्याने रेटलं.

टायर हलला.

फार नाही, नखभर. पण कडेने तपकिरी राळ बाहेर आली आणि त्याच्या अंगठ्याला लागली. पाइनचा वास आला, तळघरातला, आयुष्यभर आवडलेला.  नुसत्या उन्हाने ही गत, तर मग सहा किलोमीटरच्या उतारावर, वळणावळणाला ब्रेक दाबताना काय? उतारावर क्रूसाचं वळण होतं. आतला डोंगर कापून काढलेला, बाहेर तीस हात खोल ओढा. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरचा एक पोरगा तिथून गेला होता, म्हणून तो क्रूस.

त्याने अल्युमिनियमच्या चाकावर हात ठेवला. आता लुक्यान आला की वर धरायचं. अर्धं मिनिट जाईल, चाक जड आहे, पण चार फेऱ्या बाकी आहेत. भरून काढेल. कदाचित काढेल.

वळणावरून बारा जण वर आले. सगळ्यांत पुढे ओरेस्त, घामाने न्हालेला, तरी दात काढत. "काय किंद्रात युखिमोविच," तो जाता जाता ओरडला, "लोणचं टिकतंय ना?"

कठड्यावरचे लोक खो-खो हसले. गावातलेच ते, सगळे ओळखीचे, उद्या बाजारात भेटणारे. किंद्रातचा हात चाकावर होता तो तिथेच राहिला. लुक्यानने त्याच्या दुसऱ्या हातातली बाटली ओढून घेतली आणि तो गेला.

झालं, एवढंच झालं. मग माणूस स्वतःची समजूत घालायला किती हुशार असतो बघा. उभं चाक उन्हात तापतं, फिरत्या चाकाला वारा लागतो, तो म्हणाला. तीन फेऱ्या टिकलंय ना, तो म्हणाला. लुक्यान जुना गडी आहे, त्याला कळलं असतं, तो म्हणाला. पाचव्या फेरीला हात पुन्हा चाकावर गेला आणि पुन्हा तिथेच राहिला, कारण आता थांबवलं तर लुक्यान विचारेल, आधी का नाही? सहाव्या फेरीला पाचच जण उरले होते आणि त्यात लुक्यान होता. सातव्या फेरीला दोघे. लुक्यान आणि ओरेस्त, दोन्ही त्याची पोरं, मागच्यांपेक्षा पाऊण मिनिट पुढे. बाटली घेताना लुक्यानने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, काहीतरी विचारावं तसं.

"जा!" किंद्रात ओरडला. "जा, जा, जा!"

दर वेळी ते उतारावर दिसेनासे झाले की तो कान देऊन उभा राहायचा. धडपड, किंकाळी, काहीही ऐकू येत नसलं की श्वास सोडायचा. आठव्या फेरीला दोघे खांद्याला खांदा लावून माथ्यावर आले, लुक्यानने पुढे उडी घेतली, आणि दोघे खाली गेले. किंद्रात कान देऊन उभा राहिला. पाइनच्या झाडांत चिटपाखरू नव्हतं. मग खालून, क्रूसाच्या बाजूने, अॅम्ब्युलन्सचा भोंगा वाजायला लागला.

एकाहत्तराव्या वर्षी तो पळत सुटला. "लुक्यान," एवढंच म्हणत होता. "माझ्या बाळा, लुक्यान." बूट डांबराला चिकटत होते. त्याला टायर दिसत होता, रिमवरून सालीसारखा सुटणारा, आणि त्याच्या अंगठ्यावरची राळ अजून ओली होती.

वळणावर माणसं ओढ्यात वाकून बघत होती. खाली दोघे जण स्ट्रेचर धरून होते आणि स्ट्रेचरवर ओरेस्त होता. त्याचा डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता. तो शुद्धीत होता आणि ओरडत नव्हता, तेच जास्त भयंकर वाटत होतं. तेवढ्यात गावातल्या भोंग्यावरून निवेदकाचा आवाज डोंगरात घुमला. राष्ट्रीय विजेता, लुक्यान हावरिल्यूक!

किंद्रातला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, झालाच. तीस हात खाली त्याचं एक पोर मोडून पडलं होतं आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी आलं. मग त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो तिथेच कठड्यावर ओकला. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

संध्याकाळी तळघरात लुक्यान आला. अंगात जर्सी, कपाळावर मीठ सुकलेलं. सायकल तो स्वतः खांद्यावर घेऊन आला होता, वाटेत कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याने पुढचं चाक काढलं आणि किंद्रातच्या पुढ्यात धरलं. बोलला काही नाही. किंद्रातने अंगठा लावला, आणि टायर बोटभर सहज बाजूला सरकला.

"दुसऱ्या फेरीला कळलं मला," लुक्यान म्हणाला. "ब्रेक लावला की पुढून कुरकुर यायची. मग लावलाच नाही. सहा फेऱ्या. छाती वर काढून वारा अंगावर घ्यायचा, रस्ता सगळा वापरायचा, ब्रेकला बोट नाही लावायचं. ह्या उताराचा खडान्खडा तुम्हीच पाठ करून घेतलाय ना. तरी चड्डीत होईल असं वाटत होतं."

"थांबला का नाहीस रे?"

"चाक मागायचं म्हणजे तुमच्याकडून मागायचं, त्या सगळ्या लोकांसमोर. ओरेस्तने आयुष्यभर तुमची खिल्ली उडवली असती." तो पायरीवर बसला. "आणि जिंकायचंही होतं. तेरा वर्षं दुसऱ्यांसाठी थांबलो, आज नाही थांबावंसं वाटलं. मग म्हटलं, म्हाताऱ्याला माहीत नाहीये तेच बरं. माहीत असतं तर त्याने चाक वर धरलंच असतं."

किंद्रातने चाक फिरवून भिंतीला टेकवलं.

"ओरेस्त शेवटपर्यंत माझ्या मागे होता," लुक्यान हळू आवाजात म्हणाला. "मी ब्रेक लावत नाही, तर तो कसा लावेल? त्याला वाटलं, मी लावत नाही म्हणजे त्या वेगाने वळण घेता येतं. मला घेता येत होतं, काठावर. त्याला नाही आलं." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जर्सीचा निळा रंग तळघरातल्या पिवळ्या दिव्यात काळा दिसत होता.

वरून पारास्काने जेवायला हाक मारली. तिने विजयासाठी म्हणून मशरूमचा रस्सा आणि उकडलेल्या करंज्यांसारखी वारेनिकी केली होती. दोघांनी ती खाल्ली, कारण खाल्ली नसती तर तिला सगळं सांगावं लागलं असतं.

तीन दिवसांनी ते दोघे इस्पितळात गेले. ओरेस्तच्या मांडीचं हाड तीन जागी मोडलं होतं आणि खुब्याचा चुरा झाला होता. त्याच्या आईला डॉक्टरांनी बाहेर सांगितलं होतं, चालेल, काठी घेऊन, पण शर्यत विसरा. ओरेस्तला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तो पाय वर टांगून पडला होता आणि त्यांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"या, विजेते! दादा, काय उतरलास रे तू! माझा मेकॅनिक टीव्हीवर बघून म्हणाला, हा माणूस वेडा आहे." मग तो किंद्रातकडे वळला आणि जरा लाजला. "तीन दिवस हाच विचार करतोय. तेच वळण, तोच वेग. त्याचं चाक धरून राहिलं आणि माझं घसरलं. तुमचाच गोंद खरा, किंद्रात युखिमोविच. लोणचं म्हणालो, चुकलो माझं. मी बरा झालो ना, की पुढच्या वर्षी माझी चाकं तुम्हीच चिकटवायची. चिकटवाल ना?"

लुक्यान खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. त्याची पाठ सांगत होती की हो म्हणा आणि चला. किंद्रातने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. राळेचा तपकिरी डाग केरोसीननेही गेला नव्हता. "हो" म्हणणं फार सोपं होतं. आठवडाभरात तो चौथ्यांदा की पाचव्यांदा गप्प बसला असता, कुणी मोजत नव्हतं.

"गोंद धरून राहिला नव्हता, बाळा," तो म्हणाला. "सुटला होता. तू सांगितलंस तसाच, तापून. लुक्यानला कळलं होतं, म्हणून तो ब्रेक लावत नव्हता. तू त्याच्यामागे तसाच गेलास."

ओरेस्तने वर टांगलेल्या आपल्या पायाकडे पाहिलं.

"आणि मलाही कळलं होतं. माथ्यावर. चौथ्या फेरीला."

लुक्यान खिडकीपासून वळला.  "चौथ्या?" तो म्हणाला. "पाच वेळा मी तुमच्यासमोरून खाली गेलो. पाच वेळा!" त्याने खुर्चीवरची पिशवी उचलली. त्यात ती जर्सी होती, ओरेस्तला दाखवायला आणलेली. ती त्याने बाहेर काढली, किंद्रातच्या मांडीवर ठेवली आणि दार न लावता तो निघून गेला. कॉरिडॉरमध्ये त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

ओरेस्तचे ओठ कोरडे पडले होते. किंद्रातने त्याला पाणी पाजलं, आणि तो प्यायला.

"नुसतं चाक वर धरायचं होतं," ओरेस्त म्हणाला. "तो थांबला असता. मी एकटा उतरलो असतो, माझ्या बेताने. का नाही धरलंत?"

किंद्रातने गेले तीन दिवस खूप उत्तरं जुळवली होती. उन्हाची, वाऱ्याची, फिरत्या चाकाची, पोलिश टीमची. ती सगळी त्याने सोडून दिली.

"तू हसला असतास," तो म्हणाला.